लिफ्टवाल्या जावयाची सुट्टी

आमच्या धाकटीचा नवरा खुर्चीवर बसतो तो उठण्यासाठीच. पायाला भिंगरी म्हणतात, पण याच्या सगळ्या अंगालाच भिंगरी आहे. बोलताना शर्टाचं बटण पिरगाळेल, ऐकताना किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवेल, जेवता जेवता उठून दाराची बिजागरी का करकरते ते बघून येईल. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. इमारतीच्या अगदी वरच्या खोलीत जायचं आणि तिथल्या मोटारीशी तासन्‌तास बोलत बसायचं. धाकटा असला तरी जावईच तो, म्हणून मी त्याला तोंडावर अहो-जाहो करते. मनात मात्र पहिल्यापासून अरे-तुरे.

मी त्याची मोठी मेहुणी. शाळेत शिकवते. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांच्या बाहीतली चिठ्ठी लांबून ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. त्या सुट्टीत मी हेच काम केलं, फक्त हॉलऐवजी द्राक्षबागा होत्या आणि मुलांऐवजी हा एकटा. मला या कामाची लाज वाटत नाही. कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवं होतं.

कारण तो प्यायचा. रस्त्यात झोकांड्या खाणारा, बायकोवर हात उगारणारा, असा नव्हता. तसला असता तर आम्ही केव्हाच त्याला सरळ केला असता. हा गुपचूप प्यायचा, वरच्या मशीनरूममध्ये, जिथे त्याच्याशिवाय कोणी चढत नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते, त्यातलाच प्रकार. मग एका दुपारी एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई आणि तिचं तान्हं मूल. अख्खी इमारत याला फोन करतेय आणि हा त्यांच्याच डोक्यावर, वरच्या खोलीत, आडवा पडलेला. नंतर त्याने धाकटीला सांगितलं की मूल रडत होतं ते त्याला ऐकू येत होतं. त्याला वाटलं, आपलंच रडतंय, धाकटी बघेल.

त्या दोघांना दुसऱ्याच कोणीतरी येऊन बाहेर काढलं. कोणाला काही झालं नाही. धाकटीने रडारड केली नाही की माहेरी फोन केला नाही. तिने त्याला एवढंच सांगितलं, "पुन्हा एकदा प्यालास तर मी मुलांना घेऊन जाईन. भांडणार नाही, समजावणार नाही. जाईन." ती लहानपणापासून अशीच आहे. धमकी देत नाही, आगाऊ कळवते. त्यानंतर तो प्यायला नाही, निदान आम्हाला तरी दिसलं नाही. मी एकदा विचारलं होतं, "किती दिवस झाले हो?" तर म्हणाला, "मोजत नाही, ताई. मोजायला लागलं की आता सुट्टी कधी लागते असं वाटायला लागतं."

तर अशा माणसाला घेऊन आम्ही वायनरी बघायला गेलो.

ही अक्कल अण्णांची. अण्णा म्हणजे आमचे वडील, आयुष्य रंगाच्या कारखान्यात रंग मिसळण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, अण्णा मासिकं वाचतात. त्यात कुठेतरी त्यांनी डोंगरउतारावरच्या द्राक्षबागा बघितल्या आणि म्हणाले, डोळे चालताहेत तोवर तो लाल रंग मला जिथे तयार होतो तिथेच बघायचाय. मी फोनवर म्हटलं, "अण्णा, दुसरं काही सुचलं नाही का तुम्हाला? समुद्र काय आटलाय?" त्यावर ते म्हणाले, "अगं, पण जावईच म्हणाले, जाऊया म्हणून." आणि खरंच तो म्हणाला होता. "किती दिवस सगळ्यांनी माझ्यामुळे सरबत प्यायचं? मी गाडी चालवीन. ड्रायव्हर तर लागेलच."

मग काय, निघालो. गाडीत अण्णा पुढे, मागे मी, धाकटी आणि तिची दोन मुलं. आमचे हे घरीच राहिले, त्यांना सुट्टी म्हणजे पलंग. मुलांमधला धाकटा सहा वर्षांचा, त्याला आम्ही भुंगा म्हणतो, कारण तो गप्प असला तरी कुठेतरी गुणगुण चालूच असते. मोठी नऊ वर्षांची. तिला आम्ही जजसाहेब म्हणतो. एवढीशी पोर, पण ती खोलीत आली की आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायला लागतं. ती बापाच्या मागची सीट सोडत नव्हती. एरवीही बापाची शेपूट, तो जिथे जाईल तिथे ही.

पहिली वायनरी म्हणजे नुसता थाट. काचेच्या भिंती, टाय लावलेला माहिती सांगणारा, ओळीने मांडलेले ग्लास. मुलांसाठी वेगळा ट्रे होता, त्यात लहान ग्लासांमधून द्राक्षांचा रस आणि रंगवायला चित्रं. टायवाला सांगत होता की वाईन तोंडात घोळवायची, चव घ्यायची आणि बादलीत थुंकायची. थुंकण्यात कमीपणा नाही, जाणकार थुंकतातच. हे ऐकून भुंग्याचं भान हरपलं. थुंकल्याबद्दल शाबासकी मिळते अशी जागा त्याने प्रथमच पाहिली होती. अण्णा ग्लास खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "हा आमच्याकडे मरून रंगाचा चार नंबर. दारांना जायचा." टायवाल्याने नाकपुड्या फुगवल्या. आणि आमचा लिफ्टवाला बाहेर, वाळूत फेऱ्या मारत. किल्ल्या फिरताहेत, बटण पिरगाळलं जातंय. आत या म्हटलं तर म्हणे, गाडी सावलीत लावतो. गाडी सावलीतच होती. त्याने ती एका सावलीतून दुसऱ्या सावलीत लावली.

मला एका जागी बसवेना. एक घोट घ्यायचा आणि खिडकीतून बघायचं, पुन्हा घोट, पुन्हा खिडकी. वाईनची चव कशी होती विचाराल तर मला सांगता येणार नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तोंड पोळलं होतं त्याचं आणि फुंकत होते मी.

दुसऱ्या दिवशीची वायनरी जुनी, दगडी, तळघर असलेली. पायऱ्या उतरताना खालून लाकडी पिंपांचा आणि आंबूसगोड असा वास वर आला. लिफ्टवाला तिसऱ्या पायरीवर थांबला आणि मुलांना म्हणाला, "चला, आपण मागे काय आहे बघू." मागे पेट्या खाली उतरवायची मालाची लिफ्ट होती, आणि ती बंद पडली होती. आता बंद पडलेली लिफ्ट आणि हा! आम्ही तळघर बघून वर आलो तर हा बाह्या सरसावून खड्ड्यात उतरलेला, भुंगा बॅटरी धरून उभा, जजसाहेब पाने हातात देताहेत. लिफ्ट चालली. तोंडाला ग्रीस लागलेलं, कोपर खरचटलेलं, पण इतका मोकळा हसताना मी त्याला त्या सगळ्या सुट्टीत तेव्हाच बघितलं. मालकाला कोण आनंद! तो धावत आत गेला आणि एक बाटली आणून याच्या हातात ठेवली. त्यांची सगळ्यात जुनी, म्हणे.

भुंग्याची गुणगुणसुद्धा थांबली. लिफ्टवाल्याने बाटली मानेला धरली होती, आपण मांजराचं पिल्लू धरतो तशी, जरा लांब. त्याने मालकाचे आभार मानले, वळला आणि बाटली माझ्याकडे दिली. "ताई, धरा." मी ती पिशवीत टाकली आणि संध्याकाळी, ज्या बाईंचं घर आम्ही भाड्याने घेतलं होतं, त्यांना देऊन टाकली. धाकटीने ते बघितलं आणि माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मी मात्र खूश नव्हते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मी शाळेत इतकी वर्षं शिकवत आलेय. त्यात तो मुक्कामी पोचल्यावर गाडी धुवायला बसला. धुतली, पुसली आणि पुन्हा धुवायला घेतली. मी गॅलरीतून बघत होते. मला वाटलं, आता रंग जाईल.

तिसऱ्या दिवशी मी म्हणणार होते की पुरे झालं, परत जाऊ. पण अण्णा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आणि भुंग्याला थुंकायला जायचं होतं.

ही शेवटची वायनरी अगदीच छोटी. नवरा-बायको दोघंच चालवणारे. अंगणात लांब टेबल, त्यावर पांढरंशुभ्र कापड, समोर उतरत गेलेले वेल. बाईंनी मुलांसाठी त्याच द्राक्षांचा आणि सफरचंदाचा रस आणला. आमच्यासाठी वाईन आणली. ग्लास सगळे सारखेच, त्यांच्याकडे वेगळे लहान ग्लास नव्हते. इथे गाडी सावलीत लावायला झाडंच नव्हती, बिघडलेलं काही दिसत नव्हतं, आणि बाईंनी याला हाताला धरून टेबलाशी आणलं. बसला बिचारा. मुलांच्या टोकाला, आमच्यापासून लांब. समोर रसाचा ग्लास.

मुलांनी खेळ काढला. ज्याच्यावर राज्य त्याचे डोळे ओढणीने बांधायचे, मग एकेक ग्लास द्यायचा आणि त्याने घोट घोळवून ओळखायचं: काळ्या द्राक्षांचा रस, हिरव्या द्राक्षांचा की सफरचंदाचा. मग जाणकारासारखं बादलीत थुंकायचं. भुंगा थुंकण्यासाठीच खेळत होता. लिफ्टवाल्यावर राज्य आलं, त्याने पहिले दोन्ही ग्लास बरोबर ओळखले, आणि मला कबूल करायला हवं, तो शांत बसला होता. हात मांडीवर. बटण नाही, किल्ल्या नाहीत. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्यावरची नजर काढली आणि चीजच्या ताटलीकडे वळले.

तेवढ्यात अण्णांना शिकवायची हुक्की आली. "ए भुंग्या, इकडे ये. रंग बघ." त्यांनी स्वतःचा वाईनचा ग्लास आणि काळ्या रसाचा ग्लास पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी ठेवले. "कडेला बघ, कडेला. मधे दोन्ही सारखेच. कडेला जो विटकरी दिसतो तो कोणता?" रंगाच्या कारखान्यात पोरांना असंच शिकवायचे म्हणे. भुंग्याने दोन्ही ग्लास उचलून उजेडात धरले, फिरवले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. अण्णा म्हणाले, "शाब्बास," आणि मालकांशी बोलायला वळले. भुंग्याने त्यातला एक ग्लास नेऊन बापाच्या हातात दिला.

"हं बाबा, ओळख! मोठा घोट घे, आजोबांसारखा."

त्याने मोठा घोट घेतला.

मी ताटलीवरून मान वर केली ती सगळं एकाएकी गप्प झाल्यामुळे नाही, कोणीच गप्प झालं नव्हतं. मी वर बघितलं कारण त्याचा पाय हलायचा थांबला. टेबलाखाली बारीक ठेका चालूच होता त्याचा, तो थांबला. डोळ्यांवर ओढणी, गाल भरलेले आणि हा दगड झालेला. मी त्याच्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं, मग अण्णांच्या हाताशी राहिलेल्या ग्लासाकडे. विटकरी कड त्याच्या हातातल्या ग्लासाला होती. तो किती वेळ तसा बसला होता मला सांगता येणार नाही. मला ओरडायचं होतं, पण ओरडून काय सांगायचं, आणि कोणाला? तोंडात होतं ते आता त्याचं एकट्याचं होतं.

मग तो थुंकला. बादली कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं. पांढऱ्या कापडावर लाल ओघळ पसरला.

"बाबा हरला! बाबा हरला!" भुंगा टाळ्या पिटत नाचायला लागला. अण्णा म्हणाले, "अहो, कापड!" आणि त्यांनी स्वतःच्या हातातल्या ग्लासातला घोट घेतला, तोंड वाकडं केलं. रस होता. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली, एरवी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. धाकटी आत बाईंबरोबर बाटल्या बघत होती. लिफ्टवाल्याने ओढणी सोडली, नीट घडी घालून टेबलावर ठेवली. "हरलो रे," असं भुंग्याला म्हणाला, त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि इमारतीच्या मागे निघून गेला. जजसाहेब खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या. मी तिला म्हटलं, "तू बस," आणि त्याच्या मागे गेले.

मागे नळ होता, पिंपं धुवायचा. तो वाकून चुळा भरत होता. चूळ, थुंकी, चूळ, थुंकी. मग बोटाने दात घासले. मग नळाशेजारचा साबण घेऊन जिभेला लावला. त्याला उमासा आला, तरी थांबेना. शर्ट पुढून चिंब भिजला होता. मी त्याचा दंड धरला.

"गिळलास का? खरं बोल." पहिल्यांदाच तोंडातून अरे-तुरे गेलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"थोडी गेली असणार, ताई. कळत नाही." तो नळाला धरून उभा राहिला. "चव विसरलो असेन असं वाटलं होतं. काही विसरलो नाही. चांगली लागली. हेच वाईट आहे."

मला एकदम राग आला. अण्णांचा, मासिकाचा, त्या पांढऱ्या कापडाचा, स्वतःच्या चीजच्या तुकड्याचा.

"वास येतोय का?" त्याने तोंड माझ्याजवळ आणलं. "खरं सांगा. येतोय?"

मी हुंगलं. पण मी स्वतः दोन ग्लास घेतलेले, माझ्या नाकाला काय कपाळ कळणार! मी म्हटलं, "मला नाही सांगता येत. आणि येईना का वास! भुंग्याच्या हातून झालं, सगळ्यांनी बघितलं. धाकटीला मी सांगते."

"धाकटीला मी सांगेन. तिची भीती नाही, ती ऐकून घेईल." तो पुन्हा वाकला, पुन्हा चूळ भरली. "पोरगी येईल आता."

"कोण, जजसाहेब? तिला काय कळतंय!"

तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत बोलला. "रोज संध्याकाळी मी घरी आलो की ती दारात येऊन गळ्यात पडते. सगळे म्हणतात, बापाची लाडकी. ताई, ती श्वास घेते. इथे, मानेपाशी तोंड आणून. लांब श्वास. मग आत जाते आणि आईला म्हणते, बाबा आला, चहा टाक. मग धाकटी चहा टाकते. त्या लिफ्टच्या भानगडीपासून एक दिवस चुकलेली नाही. तिला वाटतं, मला कळत नाही. मीही कळल्याचं दाखवत नाही, लाजेल ती." त्याने भिजल्या बाहीने तोंड पुसलं. "आज काय वास घेईल ती?"

मला रडू आलं. लपवलं नाही. एवढीशी पोर, आणि रोज संध्याकाळी दारात उभी राहून हे काम करत होती, आणि मी स्वतःला पहारेकरी समजत होते.

पावलं वाजली. कोपऱ्यावरून जजसाहेब आल्या, आणि त्यांच्या मागून धाकटी, हातात ते डाग पडलेलं कापड. अण्णांनी सांगितलं असणार. पोरगी नेहमीसारखी बापाकडे धावली. तो मागे सरकला, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि त्याने हात पुढे केला.

"थांब. तिथेच थांब. आज वास येईल."

ती थांबली.

"वाईनचा वास येईल. चुकून तोंडात गेली. बरीच थुंकली, पण थोडी पोटात गेली असेल. तुझ्याशी खोटं बोलत नाही." मग धाकटीकडे बघून म्हणाला, "तुझ्याशीही नाही."

धाकटी कापड हातात गुंडाळत राहिली. पोरीचे कान लाल झाले. बापाने काय सांगितलं त्यापेक्षा, त्याला ठाऊक होतं हे तिला जास्त लागलं होतं. कॉपी करताना पकडलेल्या मुलांचे असेच कान मी बघितलेत, पण या पोरीने कसली कॉपी केली होती?

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ती जमिनीकडे बघत उभी राहिली. नळ तसाच वाहत होता, कोणी बंद केला नाही. मग ती चालत गेली, त्याचा पुढे केलेला हात बाजूला केला आणि त्याच्या गळ्यात पडली, मानेपाशी तोंड नेऊन, रोज करत असेल तशीच. तो खाली वाकला, त्याने तिला धरलं, डोळे मिटले आणि तिच्या लांब श्वासाची वाट बघत राहिला.

मी उभी होते तिथून मला तिचं तोंड दिसत होतं. तिने ओठ घट्ट मिटले होते, आणि दोन बोटांनी स्वतःचं नाक दाबून धरलं होतं.